वही कोणाच्या पेढीवर?

व्यापारी घराण्यांत काही दंडक असे असतात की ते कोणी मुद्दाम शिकवत नाही. पाहून पाहूनच ते अंगवळणी पडतात. वही पेढीबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांपैकी एक. माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवता येतो, रक्कम बँकेत ठेवता येते, आडत्याच्या भरवशावर परगावी विक्रीही करता येते. परंतु कीर्द आणि खतावणी मात्र स्वतःच्या गादीजवळच असावी लागते. कोणाकडून किती येणे, कोणाचे किती देणे, कोणते गिऱ्हाईक किती पिढ्यांचे, ही सर्व माहिती म्हणजेच पेढी. म्हणूनच दिवाळीत तिजोरीइतकीच पूजा वहीचीही होते.

आज त्याच घराण्यांतील तरुण पिढी आपले लेखन, छायाचित्रे, पाककृती, आजोबांच्या आठवणी, दुकानाच्या मालाची माहिती आणि गिऱ्हाइकांशी होणारा संवाद असे सर्व काही समाजमाध्यमांवर ठेवते. ही माध्यमे म्हणजे मूठभर बलाढ्य कंपन्यांच्या पेढ्या होत. तेथे जागा फुकट मिळते, रोषणाई डोळे दिपवणारी असते आणि गर्दीही अफाट असते. परंतु वही त्यांची, कुलूप त्यांचे आणि किल्लीही त्यांचीच. ज्या घरात कीर्द शेजारच्या दुकानातसुद्धा ठेवली गेली नसती, त्या घराचा पंधरा-पंधरा वर्षांचा लिखित संचय परक्याच्या गल्ल्यावर विसावला आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

इंटरनेट मुळात असे नव्हते. त्याची मूळ रचना समजून घ्यायची तर व्यापारी घराण्यांना हुंडीइतका जवळचा दृष्टान्त दुसरा नाही. एका गावी लिहिलेली दर्शनी हुंडी शेकडो कोस दूरच्या गावी सादर होताच सकारली जाई. या व्यवस्थेचा मालक कोणीही एक नव्हता. हुंडीचा मसुदा कसा असावा, ती कोणाला द्यावी, नाकारली गेल्यास काय करावे, याचा रिवाज सर्वांना ठाऊक होता आणि तो पाळणारी कोणतीही पेढी या व्यवहारात सामील होऊ शकत असे. ब्रिटिश सरकारने १८८१ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतील अशा दस्तऐवजांबाबतच्या स्थानिक रूढींना त्याने धक्का लावला नाही. पुढे धनादेशांचे समाशोधन आले आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. तत्त्व तेच राहिले. खाते कोणत्याही बँकेत असो, मोबाइलमधील ॲप कोणतेही असो, पैसे पोहोचतात, कारण नियम सामाईक आहेत.

खुले वेब हेही अशाच सामाईक रिवाजावर उभे राहिले. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये त्याची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही स्वामित्वशुल्क न घेता सर्व जगास खुले केले. पान कसे लिहावे, त्याला पत्ता कसा द्यावा आणि एका पानावरून दुसऱ्याकडे दुवा कसा जोडावा, एवढेच नियम ठरले. ते पाळणारा कोणीही, कोणाच्याही परवानगीविना, जगातील कोणत्याही माणसाला वाचता येईल असे पान उघडू शकला. ईमेलचेही तसेच. एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र जाते, याचे आज कोणाला नवलही वाटत नाही.

याच जमिनीवर ब्लॉग उगवला, ज्याला मराठीत अनुदिनी असे सुंदर नाव मिळाले. १९९९ मध्ये ब्लॉगर आणि २००३ मध्ये वर्डप्रेस ही साधने आली आणि तांत्रिक ज्ञान नसलेल्यांनाही स्वतःचे पान चालवता येऊ लागले. नवा लेख प्रसिद्ध होताच वाचकाला वर्दी देणारी आरएसएस ही पद्धतही १९९९ मधलीच. मराठी लेखनापुढील अडचण निराळी होती. पूर्वी प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट वेगळा असे आणि एकाचे अक्षर दुसऱ्याच्या संगणकावर उमटत नसे. युनिकोड या सामाईक संकेतप्रणालीचा वापर रुळला, तेव्हा ती अडचण दूर झाली. मग पुण्या-मुंबईप्रमाणेच अमेरिकेत व आखातात स्थायिक झालेली मराठी माणसेही प्रवास, शेती, गाणे, स्वयंपाक अशा विषयांवर आपापल्या अनुदिनीत लिहू लागली.

मग ही घरे ओस का पडली? त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. मोठ्या माध्यमांनी लोकांची खरी सोय केली. नावनोंदणी दोन मिनिटांत होते, खर्च नाही, आप्तेष्ट आधीपासूनच तेथे हजर आणि लिहिताक्षणी प्रतिसाद. स्वतःच्या पानावर आठवडाभरात चाळीस वाचक यावेत आणि येथे तासाभरात चारशे, तर माणूस कोठे जाईल? परंतु फुकट जागेचे भाडे कोठून वसूल होते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. या कंपन्यांचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे. वाचकाने जितका वेळ थांबावे तितके त्यांचे हित. म्हणून कोणाचे लेखन कोणाला आणि कोणत्या क्रमाने दिसावे, हे लेखक ठरवत नाही आणि बऱ्याच अंशी वाचकही ठरवत नाही. ते कंपनीची गणनपद्धती ठरवते. दहा हजार अनुयायी असले म्हणजे लिहिलेले दहा हजारांपर्यंत पोहोचेलच, असे नाही. कालांतराने तीच कंपनी आपल्याच गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातीचे पैसे मागते.

एका तालुक्याच्या गावातील कापड व्यापाऱ्याच्या घरात घडलेली गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. घरातील सुनेने सासूबाईंजवळ बसून त्यांच्या पाककृती आणि साठवणीच्या पदार्थांच्या रीती टिपून घेतल्या. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेल्या स्वयंपाकातील बारकावे, पापडाच्या पिठाचा अंदाज, कोणत्या ऋतूत काय करावे आणि काय टाळावे, असे सात वर्षांचे लेखन एका समाजमाध्यमावरील पानावर साठले. दूरदूरच्या भगिनी ते वाचत असत. काही रीती सासूबाईंच्या आवाजातही नोंदवल्या होत्या. सासूबाई निवर्तल्यानंतर दोन वर्षांनी कोणा भामट्याने त्या खात्याचा ताबा घेतला, त्यावरून भलत्याच योजनांच्या जाहिराती केल्या आणि नियमभंगाच्या कारणावरून कंपनीने खाते बंद केले. सुनेने अर्जांवर अर्ज पाठवले. उत्तरे आली, परंतु सर्व एकाच साच्यातील. सासऱ्यांनी एवढेच विचारले, “सूनबाई, याची नक्कल आपल्या घरात आहे ना?” नक्कल नव्हती. घरातील कोणत्याही वहीबाबत हा प्रश्न आधी विचारला गेला असता. याच वहीबाबत तो सात वर्षे कोणालाही सुचला नाही.

बँकेत तक्रार असल्यास शाखाधिकारी समोर बसलेला असतो, त्यावर वरिष्ठ असतात आणि अखेर लोकपाल असतो. समाजमाध्यमांसाठीही २०२१ च्या नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने अपील समित्या स्थापन केल्या. हे मार्ग अवश्य वापरावेत. परंतु दाद मिळणे वेगळे आणि गेलेली वस्तू परत मिळणे वेगळे.

आणि सर्व वेळी भामटाच लागतो असेही नाही. कंपनी स्वतःचे दार लावते, तेव्हाही तेच घडते. हौशी लोकांनी उभारलेल्या असंख्य पानांचे गाव असलेले जिओसिटीज याहूने १९९९ मध्ये विकत घेतले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले. भारतात अतिशय लोकप्रिय झालेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी थांबले. त्याच वर्षी मायस्पेसने कबूल केले की, सुमारे बारा वर्षांत लोकांनी तेथे ठेवलेले संगीत स्थलांतराच्या कामात नष्ट झाले. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा लाखोंचा प्रेक्षकवर्ग जमवलेल्या ग्रामीण कलावंतांचा तेथील गोतावळा एका रात्रीत तुटला. कारणे भिन्न, परिणाम एकच. याउलट आरएसएस वाचण्याची गूगलची लोकप्रिय सेवा २०१३ मध्ये बंद झाली, तरी आरएसएस संपले नाही. वाचकांनी दुसरे साधन घेतले आणि व्यवहार चालू राहिला. एक पेढी बुडाल्याने हुंडीचा रिवाज बुडत नाही, तो हा फरक.

स्वतःच्या घराचेही धोके आहेत, ते लपवू नयेत. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी मिळते आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. शुल्क भरण्याचे राहिले तर नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. परंतु नाव स्वतःच्या ताब्यात असले की मोठा लाभ होतो. ज्याप्रमाणे २०११ पासून देशभर मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्याचप्रमाणे पत्ता तोच ठेवून संकेतस्थळ एका कंपनीच्या संगणकावरून दुसरीकडे हलवता येते. गिऱ्हाइकाला पाटी जुन्याच जागी दिसते.

तेव्हा करायचे काय? समाजमाध्यमे सोडावीत, असे कोणी म्हणणार नाही. जत्रेत दुकान मांडावेच. मात्र घरची पेढी मोडून मांडू नये. घराण्याच्या किंवा दुकानाच्या नावाने एक डोमेन घ्यावे. त्याचा वर्षाचा खर्च सामान्यतः एखाद्या मध्यम कौटुंबिक भोजनाहून अधिक नसतो. देवनागरीतील डॉट भारत हा पर्यायही २०१४ पासून उपलब्ध आहे. नोंदणी घरातील जबाबदार व्यक्तीच्या नावे असावी. संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाच्या किंवा नोकरी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावे नसावी. नूतनीकरणाची तारीख विम्याच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवावी. लेख प्रथम स्वतःच्या पानावर प्रसिद्ध करावा आणि नंतर त्याचा दुवा माध्यमांवर द्यावा. नियमित वाचकांचे व गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने स्वतःजवळ जपावेत. जे आधीच माध्यमांवर साठले आहे, त्याची प्रत उतरवून घेण्याची सोय बहुतेक मोठ्या कंपन्या देतात. ती आजच वापरावी.

हुंडी गहाळ झाल्यास दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाल्यास परपेठ. पूर्वजांनी कागदाच्या एका तुकड्यासाठी जी खबरदारी घेतली, ती घराच्या स्मृतींसाठी घ्यायला हवी. एक प्रत संकेतस्थळावर, एक घरातील हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे किंवा मुलीकडे.

राहिला प्रश्न गर्दीचा. जुन्या पेढ्यांवर गर्दी कधीच नसे. तेथे येणारा माणूस पत्ता विचारत येई आणि त्याचा मुलगाही पुढे तेथेच येई. स्वतःच्या पानावर आपणहून येणारे चाळीस वाचक हे त्या प्रकारचे गिऱ्हाईक होत. येत्या पाडव्याला नवी वही उघडताना तिच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झाले की, घरातील लेखन, छायाचित्रे व आवाज कोठे कोठे ठेवले आहेत आणि प्रत्येकाची किल्ली कोणाकडे आहे, याचीही एक यादी करावी. ज्या नोंदीपुढे घरातील कोणाचेच नाव लिहिता येणार नाही, तेथून कामास आरंभ करावा.