तुकोबांच्या शेजारी पन्नास वर्षे

माझा मुलगा येत्या जानेवारीत जर्मनीला जाणार हे ठरले, आणि घरात पहिला वाद झाला तो सामानावरून. विमानात ठराविक किलोंवर काही नेऊ देत नाहीत. त्या वजनात सूनबाईंचे लोणचे बसले, चकलीचा सोऱ्या बसला, पण मी पुढे केलेले 'उपासना संगीत' काही केल्या बसेना. "बाबा, ते सगळं आता फोनवर मिळतं," चिरंजीव म्हणाले. मी गप्प बसलो. म्हणजे चार दिवस धुसफुसत राहिलो, असे आमच्या सौ. सर्वांना सांगतात.

बहुतेक वाचकांच्या घरी हे पुस्तक नसेल. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या गीतांचा तो संग्रह. त्यातली कितीतरी गीते रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना लक्ष्मीबाईंच्या या विलक्षण यजमानांची ओळख मी करून द्यायला नको. कोकणातल्या करजगावचे हे कवी १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरला राहिले. परदेशी चालींवर ओढून बसवलेली भाषांतरित गीते त्यांच्या कानाला रुचेनात. त्यांनी चर्चमध्ये अभंग आणले, भजन आणले, टाळ आणले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्याही तीनशे वर्षे आधी फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रजाने गोमंतकात बसून ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' रचले होते. ते १६१६ साली छापले, तेही रोमन लिपीत. दूरचे आणि जवळचे एकत्र नांदवण्याची खटपट आमच्याकडे अशी जुनी आहे.

मी मूळचा नगरकडचा. १९७४ साली पिंपरीला आलो. त्याआधी वीस वर्षे, १९५४ साली, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना येथे उभा राहिला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने माळरानावर पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्यामागून मोटारी आल्या, स्कूटर आल्या, आणि जालना, बीड, नगरहून आमच्यासारखी माणसे आली. आमची पहिली उपासना एका भाड्याच्या खोलीत होई. टाळ नव्हते, म्हणून एक फिटर दोन वॉशर एकमेकांवर आपटून ठेका धरी. त्याला तालाचे ज्ञान बेताचे होते, पण उत्साह अमर्याद!

आता मोठे चर्च आहे. गेल्या वर्षी तरुणांनी गिटार आणि ढोल आणले, तेव्हा मी पंचांच्या बैठकीत चांगले वीस मिनिटे बोललो. टिळकांचे नाव सात वेळा घेतले असे कोणी तरी मोजलेही. निकाल असा लागला की दोन गीते टाळावर व्हावीत आणि उरलेली गिटारवर. तेव्हापासून तरुण मंडळी मला फार आदराने 'सलाम' करतात आणि लांबून जातात.

तर अशा एका रविवारी उपासना आटोपल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी काढतो. जायच्या आधी इकडचं काही तरी बघून घेऊ. देहूला जाऊ या?"

मला एकदम लाज वाटली. पन्नास वर्षे मी तुकोबांच्या शेजारी राहिलो. टिळकांच्या नावाने भांडलो. पण देहू मी पाहिले नव्हते! निगडीच्या पलीकडे, देहूरोडवरून आत वळायचे, एवढेच अंतर. ख्रिस्ती माणसाचे तिथे काय काम असे आमचे लोक विचारतील, आणि हे इकडे कशाला असे तिथले लोक विचारतील, ही भीती मी मनात बाळगून होतो. प्रत्यक्षात कोणीच काही विचारले नाही. माळा विकणाऱ्या एका बाईने तेवढे विचारले, "बाबा, वारी चुकली का यंदा?"

गाथा मंदिराच्या भिंतींवर तुकोबांचे अभंग कोरलेले आहेत. माणसे बोट ठेवून वाचत होती. एक आजोबा नातवाला एकेक अक्षर लावायला शिकवत होते. मुलगा माझ्या शेजारी उभा राहून बराच वेळ वाचत राहिला. बाहेर येऊन मी एक टाळजोडी घेतली. नदीकडे पाहून मात्र मन खट्टू झाले. याच इंद्रायणीवर खाली आळंदीला पांढरा फेस चढतो. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे घाण पाणी तिच्यात जाते. त्या पाण्यात आमच्याही घरचा वाटा असणारच.

परतताना तळवड्याचा रस्ता लागला तेव्हा मुलाने विचारले, "चाकणला एक खोली-उपासना असते. पाळकसाहेब सारखं बोलावतात. जायचं?" इंद्रायणी ओलांडून आम्ही निघोजे, महाळुंगे या बाजूने गेलो. चाकण म्हणजे आमच्या पिढीला फिरंगोजी नरसाळ्याचे चाकण. १६६० साली शाएस्ताखानाच्या फौजेपुढे त्याने जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला. त्यानंतर आठवतो तो कांद्याचा बाजार. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब पत्र्याच्या शेड, आणि त्यांच्या मागे कामगारांच्या खोल्यांच्या चाळी.

दहा बाय बाराच्या खोलीत चौदा जण बसले होते. काही जालन्याचे, काही नांदेडचे, चार झारखंडचे. आमच्याकडे पाहून एक मुलगा उठला आणि त्याने एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची मला दिली. पुस्तक कोणाकडेच नव्हते. जालन्याच्या पोराने टिळकांचे भजन सुरू केले ते थेट तोंडपाठ. मी नवी टाळजोडी काढली. मग झारखंडच्या पोरांनी आपल्या कुडुख भाषेत एक गीत म्हटले. शब्द कळला नाही, पण सम बरोबर सापडली.

प्रार्थनेच्या वेळी त्यांच्यातल्या एकाने उजवा हात खिशातून काढला. दोन बोटे नव्हती. प्रेस मशीनवर गेली होती, चार महिन्यांपूर्वी. ठेकेदाराने दवाखान्याचे पैसे दिले, मग कामावरून काढले. अपघाताची नोंद विमा कार्यालयात कोणी केलीच नव्हती. म्हणून भरपाई नाही. "साहेब," तो माझ्या मुलाला हिंदीत म्हणाला, "आप बड़ी कंपनी में हैं। कागज़ देखेंगे?"

मुलाने कागद घेतले. कारखान्याचे नाव वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. बाहेर पडल्यावर तो गाडीत बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिला.

"बाबा, या कारखान्याचा माल आमच्याकडे येतो. तो पास करून सही करणारा माणूस मीच."

मी काय बोलणार? वीस मिनिटे बोलण्याची माझी सवय तिथे उपयोगी पडली नाही.

वाटेत त्याने मला सांगितले की जर्मनीत २०२३ सालापासून एक कायदा लागू झाला. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडे माणसांना कसे वागवले जाते ते पाहावे, आणि त्या कामगारांनाही तक्रार करता यावी अशी सोय ठेवावी. "एक अर्ज इथे विमा कार्यालयात द्यायचा, आणि एक तिकडे." थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "तिकडे माझी जागा अजून पक्की व्हायची आहे."

घरी आल्यावर त्याने सूनबाईंना सर्व सांगितले. त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा उशिरापर्यंत जळत होता. कोण काय म्हणाले ते मी ऐकले नाही. ऐकू येऊ नये म्हणून दार लावले होते. सकाळी टेबलावर दोन अर्ज होते. दोन्हींवर त्याची सही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा चाकणला गेलो. या खेपेस आमच्या चर्चमधले ते गिटारवाले दोघे पोरेही मागे बसले होते. त्यांच्यातला एक वकिलीचा अभ्यास करतो, हे मला एका वर्षात प्रथमच कळले. त्याने त्या मुलाकडून तारखा, साक्षीदार, मशीनचा नंबर सारे नीट लिहून घेतले. 'उपासना संगीत' मी त्या खोलीत ठेवून आलो. झारखंडच्या मुलांना देवनागरी वाचता येते, तेव्हा मराठीही जमेल.

विमा कार्यालयाची पोच आली आहे. जर्मनीहून अजून उत्तर नाही. ठेकेदाराचा मात्र दोनदा फोन येऊन गेला. सौ.नी परवा लाडू वळताना एक डबा वेगळा भरून ठेवला आहे, दिवाळीच्या पाडव्याला चाकणला न्यायला.