जिंतूर परिसर : आठवीच्या पुढची वाट

परभणीहून झरी, बोरी ही गावे मागे टाकत जिंतूरकडे जाणारा रस्ता सुरुवातीस काळ्या, सपाट जमिनीतून धावतो. दोन्ही बाजूंस कापूस, सोयाबीन आणि तूर. जिंतूर जवळ आले की जमिनीचा रंग पालटतो, मुरूम वर येतो आणि क्षितिजावर टेकड्या दिसू लागतात. गावापासून अवघ्या तीन किलोमीटरवर नेमगिरी आहे. भगवान नेमिनाथ आणि अंतरिक्ष पार्श्वनाथ यांच्या दर्शनासाठी दूरदूरची कुटुंबे येथे येतात, गुंफांतील शांततेत घटकाभर बसतात आणि परतीच्या वाटेला लागतात.

परतताना सकाळची वेळ असेल, तर रस्त्याच्या कडेने चालणारी मुले हमखास दिसतात. पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. कुणी सायकलवर, कुणी एसटीच्या थांब्यावर. वाडीवस्तीवरून निघालेली ही मुले मोठ्या गावातील हायस्कुलात जात असतात. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या अशा शाळेला ‘प्रशाला’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातील पाहुण्याला हा शब्द थोडा अनोळखी वाटतो, कारण तिकडे जिल्हा परिषद म्हटले की बहुधा प्राथमिक शाळाच डोळ्यांपुढे येते.

या फरकाचे मूळ इतिहासात आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. प्राथमिक शाळेला तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फोकानिया म्हणण्याचा तो काळ. वरच्या वर्गांत शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवी. मराठी घरातील मुलाला भूगोल आणि गणितही परक्या भाषेतून शिकावे लागे. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगीचे अडथळे. तरीही हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखे शिक्षक तेथे घडले व घडवूही लागले. व्यापारी घरांतील मुले मात्र बहुधा पावकी, निमकी, दिडकी पाठ करून लवकरच गादीवर बसत. हायस्कूल ही तालुक्याच्या गावालाही दुर्मीळ अशी गोष्ट होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, मराठवाड्यातील सरकारी माध्यमिक शाळा त्यांच्याकडे आल्या आणि प्रशाला ग्रामीण जीवनाचा भाग झाली.

आजही खेड्यातील प्रशालेचे रूप साधेच असते. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोल्यांची एक ओळ, पुढे मैदान, एखादे जुने लिंबाचे झाड आणि त्याला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर ठोका पडला की तास बदलतो. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष. एकच शिक्षक गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवतो आणि निवडणूक किंवा सर्वेक्षण आले की खडू ठेवून त्या कामालाही जातो. किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत पटसंख्येवर ठरते. त्यामुळे पट घसरला की पद जाते, पद गेले की विषय उघडा पडतो, आणि विषय उघडा पडला की पालक मुलाला दुसरीकडे नेतात.

मधल्या सुट्टीत मात्र या शाळेतील एक अदृश्य उंबरठा दिसतो. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंतच. म्हणून एकाच व्हरांड्यात आठवीच्या मुलापुढे खिचडीचे ताट असते, तर नववीतील त्याची थोरली बहीण घरची भाकरी सोडते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही ६ ते १४ वर्षे वयापुरताच आहे. चौदाव्या वर्षी मूल अचानक स्वावलंबी होत नाही. घरातील खर्च मात्र त्याच वर्षी वाढतो. वह्या, पुस्तके, गणवेश, दहावीचे परीक्षा शुल्क.

त्यातच दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. जिंतूर, गंगाखेड, पालम या भागांतील अनेक कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुलगा आजीजवळ राहू शकतो. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्यास आईबाप धजावत नाहीत. तिला फडावर न्यावे, तर शाळा सुटते. न न्यावे, तर काळजी. या पेचातून अनेक घरांत एकच उत्तर निघते, ते म्हणजे लग्न. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी १८ व्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. परभणी जिल्ह्यात ते सुमारे ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मे.

या आकड्यासमोर गावातील लहानशा प्रशालेचे मोल कळते. हायस्कूल चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर मुलगी आणखी दोन वर्षे शाळेत राहते. ते दहा-बारा किलोमीटर दूर गेले की घरात चर्चा सुरू होते. म्हणूनच मुलींना एसटीचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमातून आलेल्या निळ्या बसगाड्या आणि सायकली यांचे महत्त्व कागदावर वाटते त्याहून फार मोठे आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले आणि बस चुकली, तर त्या दिवशी घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत येईलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हे ओळखणारे शिक्षक गैरहजर मुलीच्या घरी संध्याकाळी जाऊन येतात. तशी सूचना कोणत्याही परिपत्रकात नसली तरी.

प्रशालेचा आणि बाजारपेठेचा संबंध वरवर दिसत नाही, पण तो जुना आहे. आडत दुकानावर काटा सांभाळणारा, वही लिहिणारा, आता संगणकावर बिले करणारा तरुण बहुधा अशाच एखाद्या शाळेतून दहावी झालेला असतो. आणि ज्याच्या मालावर पेढी चालते, त्या शेतकऱ्याची लेकरे याच बाकांवर बसतात. पेठेतील स्वतःची मुले मात्र आता पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. गावाची शाळा ही आपली शाळा, ही भावना त्या बसबरोबर थोडी दूर गेली आहे.

हंगामात जिंतूरच्या मोंढ्यात कधी एक दृश्य पाहावयास मिळते. सोयाबीनचे माप झालेले असते. शेतकरी हातातील हिशोबपट्टी शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे देतो. ती वजन पाहते, भावाशी गुणाकार करते, हमाली आणि तोलाई वजा करते, ओठांतल्या ओठांत पुन्हा एकदा मोजते आणि मान हलवते. हिशोब बरोबर असतो. बाप निश्चिंतपणे पैसे खिशात ठेवतो, दुकानदारही समाधानाने पुढच्या पोत्याकडे वळतो. मुलगी पट्टीची घडी करून दप्तरात ठेवते. तिला बसची वेळ गाठायची असते. उद्या शाळा आहे.