पत्र्याची पेटी आणि १३५ वा रस्ता

इतिहासाचा शिक्षक म्हणून एका प्रश्नाला मला दरवर्षी सामोरे जावे लागते. आठवी-नववीच्या वर्गातला एखादा विद्यार्थी पुस्तक चाळता चाळता विचारतो, “सर, यात आपली माणसं कुठे आहेत?” अशा वेळी मी धडा बाजूला ठेवतो आणि न्यूयॉर्कमधील एका शाखा-ग्रंथालयाची हकिगत सांगतो.

हार्लेम हे मुळात न्यूयॉर्कच्या उत्तरेचे स्वतंत्र गाव. १८७३ मध्ये ते शहराला जोडले गेले आणि उपनगरासारखे वाढत गेले. १९०१ मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी शहरातील शाखा-ग्रंथालयांच्या इमारतींसाठी ५२ लाख डॉलर दिले. जागा आणि चालू खर्च शहराने सोसावा, अशी त्यांची अट होती. त्या देणगीतून १३५ व्या रस्त्यावरची शाखा १९०५ मध्ये सुरू झाली. तेव्हा तेथील वाचक प्रामुख्याने गोरे होते. पुढील पंधरा वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीयांनी ती वस्ती भरून गेली.

वस्ती बदलली म्हणून ग्रंथालय आपोआप बदलते असे नाही; त्यासाठी कोणीतरी मनावर घ्यावे लागते. १९२० मध्ये अर्नेस्टाइन रोझ या गोऱ्या ग्रंथपाल तेथे आल्या आणि त्यांनी कृष्णवर्णीय सहकारी नेमले. त्यांपैकी कॅथरिन लॅटिमर यांनी वृत्तपत्रांतील कात्रणे जमवून विषयवार लावण्याचे काम वर्षानुवर्षे केले. (कात्रणांना क्षुल्लक समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) कृष्णवर्णीयांविषयीच्या पुस्तकांना इतकी मागणी होती, की ती हाताळून हाताळून झिजू लागली. तेव्हा वस्तीतील नागरिकांच्या सहभागाने दुर्मीळ पुस्तके घरी न देता तेथेच वाचण्यासाठी राखून ठेवण्यात आली आणि १९२५ मध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग उघडला.

या हकिगतीतील माझे आवडते पात्र आहे आर्टुरो शॉम्बर्ग. जन्म १८७४, पोर्टो रिको. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे शाळेत एका शिक्षकाने त्यांना सुनावले होते, असे सांगतात. न्यूयॉर्कला आल्यावर त्यांनी एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी केली आणि पगारातून जुनी पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे, पत्रके विकत घेतली. १९२६ मध्ये कार्नेगी यांच्याच नावाच्या संस्थेने दहा हजार डॉलर देऊन हा संग्रह त्या शाखेसाठी घेतला, तेव्हा त्यात पाच हजारांहून अधिक ग्रंथ होते. पुढे १९३२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३८ पर्यंत, शॉम्बर्ग स्वतःच त्या संग्रहाचे अभिरक्षक होते. आज त्यांच्या नावाने ते जगप्रसिद्ध संशोधन केंद्र झाले असून तेथे एक कोटीहून अधिक वस्तू आहेत. इमारत कोट्यधीशाने दिली हे खरे. पण तिला अर्थ दिला तो टपालातल्या कारकुनाने.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते विद्यापीठ या शाखेपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पुस्तके जमवली. १९१७ मध्ये त्यांचा ग्रंथसंग्रह घेऊन येणारे जहाज पाणतीराला बळी पडले. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांना अभ्यासाचा विषय वाटत होते. ते पत्र जपून ठेवले गेले, म्हणूनच आज आपण ते वाचू शकतो.

हे सारे वर्गात सांगताना माझ्या मनात मात्र एक पत्र्याची पेटी असते. ती माझ्या वडिलांची. जलशातल्या गाण्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या, दीक्षेनंतरच्या वर्षांतली पत्रके, सभांच्या पावत्या, एक फाटके छायाचित्र. मी महाविद्यालयात असताना घर नव्याने बांधायला काढले. वडील गावी गेलेले. जागा होईना म्हणून मी ती पेटी रद्दीवाल्याला दिली. त्याने कागदाचे पैसे वेगळे दिले आणि पत्र्याचे वेगळे. पत्र्याचे अधिक आले. वडील परतल्यावर काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी ते विहारात नेहमीपेक्षा अधिक वेळ बसले. पुढे इतिहासात एम.ए. करताना साधनांवरचा पहिला तास झाला, तेव्हा मी काय केले ते मला कळले. त्या वह्यांतली दोनच कडवी आज मला आठवतात, तीही अर्धवट.

आपल्या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना म्हणूनच विनंती आहे. वसतिगृहातून घरी लिहिलेली आपली पत्रे, हस्तलिखित अंकांची पाने, स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिका, आजोबांच्या पेटीतली पत्रके, आजीने पाठ म्हटलेल्या ओव्या कोणी उतरवून घेतल्या असतील तर ते कागद, असे जे असेल ते पाठवावे. मूळ देणे जड जात असेल तर छायाप्रत चालेल. कागदाच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. शाळेच्या ग्रंथालयात खिडकीजवळचे लोखंडी कपाट मी रिकामे करून घेतले आहे. वरच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर ती अर्धवट दोन कडवी लिहिली आहेत आणि पुढे जागा सोडली आहे.