भोंगा वाजला, दार बंदच!

काल गावातल्या एका खाजगी दवाखान्यात आगीची मॉक ड्रिल बघायला गेलो. भोंगा वाजला, पण जिन्याच्या दाराचं मॅग्नेटिक लॉक काही सुटेना. तपासणीच्या कागदावर मात्र 'अलार्म चालू' अशी टिक!

वायरमन दादा म्हणाले, "साहेब, भोंग्याच्या आउटपुटवर २४ व्होल्टची रिले टाकायची. एरवी त्या तारांवर देखरेखीचं उलट पोलॅरिटीचं व्होल्टेज असतं, म्हणून सिरीजमध्ये डायोड. भोंगा वाजला की रिले लॉकचा सप्लाय तोडते, दार मोकळं."

एवढंसं काम.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० बाळं गेली. मग राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. मित्रांनो, आपल्या दवाखान्यात एकच विचारा: भोंगा वाजल्यावर दार उघडतं का?