सात तारखेच्या आत

मंचरला घरी गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "तू नेमकं काय काम करतेस गं?" अवसरी खुर्दचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय २००९ मध्ये सुरू झालं, म्हणून पुण्यात खोली न घेता, घरचा डबा नेऊन मला इंजिनिअर होता आलं. एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढचं सांगताना मात्र माझी गाडी अडते. कंपन्यांच्या एचआर विभागांसाठी मी स्वयंचलित कामाच्या साखळ्या बांधते. माणसानं दारावर अंगठा लावला की हजेरी पडते, हजेरीवरून रजा आणि जादा तास ठरतात, त्यावरून पीएफ आणि पगार निघतो आणि शेवटी बँकेकडे यादी जाते. मध्ये कुणाचा हात लागत नाही. अब्बांनी याचं मराठी केलंय: "पोरगी पगाराचं मशीन बनवते."

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी या मशीनबद्दलची तक्रार आमच्याच ओट्यावर आली.

एक मावशी अम्मीला भेटायला आल्या होत्या. अम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि मावशींची मुलगी तिच्या हाताखाली शिकलेली. मावशी चाकणच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगच्या कामाला जायच्या. त्यांच्या हातात पगाराची चिठ्ठी होती. "बाई, २६ दिवस भरल्यात मी. चिठ्ठीत १९ च आलंत. माझा अंगठाच येत न्हाई म्हनं मशीनीत."

मी चिठ्ठी हातात घेतली. कोपऱ्यातली अक्षरांची मांडणी ओळखीची होती. ती चिठ्ठी मीच बनवलेल्या साखळीतून निघाली होती.

मावशींचे हात बघितले आणि बाकीचं कळलं. सुट्टीच्या दिवशी त्या कांद्याच्या काढणीला जायच्या. दिवसभर माती आणि पाती, घरी आल्यावर धुणं-भांडी. बोटांवरच्या रेघा झिजून गेलेल्या. आमच्या साखळीत नियम होता: अंगठा तीनदा जुळला नाही, तर त्या दिवसाची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे गैरहजर आणि गैरहजर म्हणजे पगार कापायचा. मावशींनी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "सिस्टिममध्ये तसंच आहे." त्याचंही बरोबर होतं. सिस्टिममध्ये तसंच होतं आणि ते तसं मी लिहिलं होतं.

मला वाटायचं, माझी साखळी मजबूत आहे. इंटरनेट गेलं तर हजेरीचं यंत्र नोंदी स्वतःकडे साठवून ठेवायचं आणि लाइन आली की पाठवायचं. बँकेशी संपर्क तुटला तर थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न व्हायचा. तीच यादी चुकून दोनदा गेली तरी पगार दोनदा जमा होऊ नये, म्हणून प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक होता. वर्षभरात ती एकदाही बंद पडली नव्हती. मावशींच्या महिन्यातही ती बंद पडली नाही. गुपचूप सात दिवस खाल्ले आणि वेळेवर चिठ्ठी छापली. बंद पडली असती तर निदान कुणीतरी आरडाओरडा केला असता.

त्या रात्री अम्मीनं शालार्थची आठवण काढली. शालार्थ ही राज्यातल्या शिक्षकांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली. जानेवारी २०१८ मध्ये ती तांत्रिक बिघाडानं बंद पडली आणि पुढे बरेच महिने पगार ऑफलाइन करावे लागले. राज्यभरातल्या शिक्षकांच्या घरांत तेव्हा हप्त्यांची गणितं बिघडली होती. आमच्याही. "पण पगार झाला," अम्मी म्हणाली. "उशिरा का होईना, झाला. मुख्याध्यापकांनी कागदावर बिल केलं, पंचायत समितीत नेऊन दिलं. जुन्या पद्धतीनं बिल करता येणारी माणसं अजून नोकरीत होती म्हणून जमलं. तुझ्या मशीनला असं कुणी आहे का?"

नव्हतं. मशीन आलं तेव्हा आम्ही पहिल्यांदा हजेरीचा मस्टर बंद केला होता आणि ती बचत म्हणून अहवालात दाखवली होती.

सोमवारी ऑफिसला जाताना नाशिक रस्त्यावर बसमध्ये मी वहीत एकच प्रश्न लिहिला: साखळी अडली, तर भुर्दंड कुणाला? माझ्या मांडणीत प्रत्येक अडचणीचं उत्तर एकच होतं, कामगाराला. अंगठा जुळला नाही, पगार कापा. नाव जुळलं नाही, पैसे थांबवा. वरिष्ठाची मंजुरी आली नाही, जादा तास सोडून द्या. कंपनीचा एक रुपयाही कधी अडकत नव्हता.

मग आम्ही मांडणी बदलली. अंगठा जुळला नाही तर आता गैरहजेरी लागत नाही, 'तपासायचं आहे' अशी नोंद होते. अशा नोंदी एका यादीत जमतात आणि त्या यादीला एक मालक असतो, नावानिशी. त्यानं ४८ तासांत निकाल द्यायचा. नाही दिला तर तो दिवस भरला असं धरून पगार निघतो आणि चौकशी मागाहून होते. दारावर पुन्हा कागदी मस्टर आला. त्यात सुपरवायझर आणि कामगार दोघांची सही. वाद दोन दिवसांचा असेल तर दोनच दिवसांचे पैसे बाजूला राहतात, अख्खा पगार नाही. आणि वर्षातून एकदा आम्ही मुद्दाम मशीन बंद ठेवून एका विभागाचा पगार हातानं करून बघतो. पहिल्या वेळी तीन दिवस लागले, कारण पीएफचा हिशेब कागदावर कसा मांडायचा हे एकालाच येत होतं.

व्यवस्थापनानं विचारलं, "यानं लोक फसवणूक नाही करणार?" करतील, थोडे. पण त्या यादीतल्या नोंदी बघा म्हटलं. बहुतेक जण गवंडीकाम, शेती किंवा धुण्याभांड्यांचं काम जोडीला करणारे निघाले.

या कामात मला माझ्या नावानंही बरंच शिकवलं. पीएफचा खातेक्रमांक, म्हणजे यूएएन, आधारशी जोडल्याशिवाय कंपनीला त्या माणसाचा भरणा करता येणार नाही, हा नियम २०२१ मध्ये आला. जूनची मुदत सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली. आमच्याकडे शेख एकीकडे 'एसएचएआयकेएच' असतो, दुसरीकडे 'एसएचईआयकेएच'. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं. संगणकाला ही चार माणसं वाटतात. लग्न होऊन सासरचं नाव लावणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक आहे, आपल्या मावशींनाही. म्हणून नाव जुळवणारा टप्पा आता आम्ही पगाराच्या आठवड्यात ठेवत नाही. माणूस रुजू होतो त्याच आठवड्यात ते काम उरकतो, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.

आणि सुट्ट्या! २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या. मिरवणुका एकत्र नकोत म्हणून मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस पुढे ढकलला आणि सरकारनं ईदची सुट्टी २९ ला दिली. निर्णय छान होता, पण अगदी तोंडावर आला. जानेवारीत भरून कुलूप लावलेल्या आमच्या यादीला तो माहीतच नव्हता. २९ ला घरी राहिलेले सगळे गैरहजर लागले. पुढच्या वर्षी मुंबई शहर आणि उपनगरात सुट्टी १६ ऐवजी १८ सप्टेंबरला गेली, म्हणजे मुंबईच्या ऑफिसची यादी वेगळी ठेवणं आलं. तेव्हापासून सुट्ट्यांची यादी ठिकाणानुसार असते आणि आदल्या रात्रीही बदलता येते. चंद्र बघून महिना ठरवणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला हे आधीच सुचायला हवं होतं.

१९३६ च्या वेतन कायद्यानं हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पगार सात तारखेच्या आत द्यायला सांगितलं होतं. नव्या वेतन संहितेतही महिन्याच्या पगाराला सातच दिवस आहेत. मजुराचं देणं लांबवू नये, हे तर आमच्याकडे कुणी कायदा न वाचताही लहानपणापासून ऐकवतात. माझ्यापुरता मजबूत साखळीचा अर्थ आता तेवढाच आहे. यंत्र चालो, अडो, सातच्या आत माणसाला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

मावशींचे सात दिवसांचे पैसे पुढच्या महिन्याच्या १९ तारखेला जमा झाले. ते सांगायला मी फोन केला, तर म्हणाल्या, "आलं बघ. पन भिशीचा हप्ता चुकला त्या महिन्यात, त्याचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती रक्कम चुकती करायला आमच्या साखळीत आजही रकाना नाही. सध्या मी त्यावर काम करतेय.