उरलेलें पाणी

ज्या अवयवाचें नांव चारचौघांत घेण्याची पन्नाशी उलटेपर्यंत आम्हांस गरज पडली नव्हती, त्यानें गेलें वर्षभर आम्हांस रात्रीं तीनतीनदां उठविलें. ही गोष्ट आम्ही घरांत कोणास कळूं दिली नाहीं. आमचे वडील लघवी तुंबण्याचें दुखणें असेंच लपवीत राहिले व मूत्रपिंडें निकामी होऊन गेले. हें ठाऊक असूनहि, किंबहुना म्हणूनच, आम्ही गप्प होतों.

अखेर डॉक्टरांनीं सोनोग्राफी सांगितली. तेथील विधि मोठा चमत्कारिक. लिटरभर पाणी पिऊन बसावयाचें. "काका, प्रेशर आलं का?" असें तेथील मुलगी सर्वांदेखत विचारते, आणि तीस वर्षें शेक्सपिअर शिकविणारा मनुष्य मान खालीं घालून "अजून थोडं" म्हणतो. आमची पाळी दोन तासांनीं आली. तोंवर त्या थोड्याचें फार झालें होतें. पोटावर थंडगार लेप व त्यावरून फिरणारें यंत्र. कानास ऐकूं न येणारा ध्वनि आंत जातो व त्याच्या प्रतिध्वनीचें चित्र उमटतें. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड ह्यांनीं पोटांतील गांठी ह्या रीतीनें पाहिल्याचा लेख १९५८ सालीं प्रसिद्ध केला होता. आमचा मूत्राशय पडद्यावर काळ्या डोहासारखा दिसला. लांबी, रुंदी व उंची ह्यांच्या गुणाकारास ०.५२ नें गुणलें कीं आंतील पाणी अजमासें कळतें: ६२० मिलिलिटर. मोकळे होऊन परतलों, तों १८० शिल्लक! पन्नासाच्या आंत असल्यास सहसा चिंता नसते, एवढें आम्ही वाचलें होतें. वडिलांचा सुजलेला चेहरा डोळ्यांपुढें आला.

"ही मोजणी धरू नका," डॉक्टर म्हणाले. फाजील ताणलेला स्नायु नीट आंवळत नाहीं, आणि दाराबाहेर रांग उभी असली कीं खालची झडपहि मोकळी सुटत नाहीं. परीक्षेच्या दालनांत हुशार मुलें अडखळतात, हें आम्ही जन्मभर पाहिलें. पण तोच न्याय स्वतःच्या मूत्राशयास लावावा, हें आम्हांस सुचलें नाहीं. आठ दिवसांनीं, ३०० भरले असतां, पुन्हां मोजलें, ४० उरलें. प्रोस्टेट मात्र वाढलेली आहे, तिची गोळी चालू झाली.

त्या रात्रीं आम्ही कुटुंबास सर्व सांगितलें.

"अहो, रात्री तीनदा दिवा लागतो, तो काय मला दिसत नाही?" ती म्हणाली. "वर्षभर वाट पाहतेय, कधी सांगता म्हणून."