दोन वाजताची नोंद

रमजानला पंधरा-वीस दिवस उरले असतील. रात्री साडेनऊला आमच्या विश्रांतवाडीच्या घराची बेल वाजली. दारात भाची उभी होती. ड्युटीच्या ड्रेसवरच होती, वरून ओढणी घेतलेली, हातात पाकीट. आमच्या बेगमने पाणी दिलं, तर ते न पिताच म्हणाली, "मामू, याचं उत्तर सात दिवसांत द्यायचं आहे. मला मराठीत नीट लिहून द्या."

भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. बारावीनंतर जीएनएमचा कोर्स केला आणि पाच वर्षांपासून एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पाकिटात नोटीस होती. रात्रपाळीत एक वयस्क पेशंट बाथरूमला जायला एकटे उठले, पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. नातेवाइकांचं म्हणणं असं की दोन तास कुणी सिस्टर त्यांच्याकडे फिरकलीच नाही. त्यांनी तक्रारीची एक प्रत महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिललाही पाठवली होती.

कौन्सिलचं नाव वाचून ती जास्त घाबरली होती. एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण रजिस्टरमधून नावच गेलं तर? महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी १९६६ च्या कायद्याखाली होते. ती नोंदणी नसेल तर नर्स म्हणून काम करता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार आली तर कौन्सिल चौकशी करू शकते आणि गंभीर दोष ठरला तर नाव काढूही शकते. मात्र त्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

आम्ही शाळामास्तर. अर्ज, खुलासे, निवेदनं आयुष्यभर लिहीत आलो आहोत. कागद घेतला आणि केसपेपरची झेरॉक्स बघितली. त्यावर भाचीच्याच अक्षरात दोन वाजताची नोंद होती: पेशंट झोपलेले आहेत, खाटेचे कठडे वर आहेत. पेशंट पडले तीनला. आम्हाला हायसं वाटलं. पहिलं वाक्य लिहिलं: 'मी रात्री दोन वाजता पेशंटची पाहणी केली होती.'

भाचीने कागदावर हात ठेवला. "मामू, हे खोडा. दोन वाजता मी त्या खाटेपाशी गेलेच नव्हते."

मग तिने सगळं सांगितलं. वॉर्डात चौतीस पेशंट. ड्युटीवर दोघी, त्यातली एक बारा वाजता कॅज्युअल्टीत पाठवलेली. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका पेशंटला धाप लागली होती. ऑक्सिजन लावणं, डॉक्टरांना फोन करणं यात दीड ते तीन कसे गेले ते तिला कळलंच नाही. चार वाजता ती टेबलाशी बसली आणि राहिलेल्या सगळ्या नोंदी एका दमात लिहून काढल्या. चौतीस पेशंटच्या चौतीस ओळी, सवयीने. "सगळेच तसं लिहितात, मामू. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, नोंद आहे ना, मग तीच धरून ठेव. ती आपल्याला वाचवेल."

खरं सांगायचं तर आमच्याही मनात तेच आलं होतं. कोण बघायला गेलं होतं? आमचं वाक्य कागदावर तसंच होतं, ते खोडायला पेन उचलत नव्हतं. बेगम म्हणाल्या, "तुमच्या टाचणवहीसारखंच झालं हे."

त्यांचं बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. टाचण रोजच्या रोज, तासाआधी काढायचं असतं. आम्ही किती तरी वेळा शनिवारी दुपारी बसून सोमवारपासूनच्या तारखा टाकल्या आहेत. मुख्याध्यापकांची सही होते आणि सगळं सुरळीत चालतं. आमच्या खोट्या तारखेने कुणाचं हाड मोडत नाही, एवढाच काय तो फरक.

त्या रात्री भंडाऱ्याची आठवण निघाली. ९ जानेवारी २०२१ ला तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला रात्री आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचली. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली. पुढे फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरमध्ये जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा रुग्णांचे प्राण गेले. तिथे एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली.

या दोन्ही ठिकाणी कुणाचा किती दोष, हे ठरवणारे आम्ही कोण? ज्या आयांची बाळं गेली, त्यांना प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. सिस्टर कुठे होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्याच्याबरोबर दुसराही विचारला पाहिजे: त्या रात्री सिस्टर किती होत्या आणि आग विझवायला तिथे काय होतं? इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सांगतं की अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी आणि साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक. आमची भाची चौतीस जणांमागे एकटी होती. खोटी नोंद तिने तशीच ठेवली असती, तर हा दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नसता. कागदावर त्या रात्री सगळं व्यवस्थित होतं!

सूरह हुजुरातमध्ये आपल्याला शिकवलं आहे की बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाही तर नकळत कुणावर अन्याय कराल. आजवर आम्ही ही आयत अफवा पसरवणाऱ्यांना ऐकवत होतो. पण शहानिशा करणाऱ्याच्या हातात खोटा कागद दिला, तर त्याने तरी काय करावं?

आम्ही ते वाक्य खोडलं. नवं लिहिलं: 'दोन वाजताची नोंद मी चार वाजता, पेशंट न पाहता केली. ही माझी चूक आहे.' त्याखाली त्या रात्रीचा घटनाक्रम लिहिला. वॉर्डातली पेशंटची संख्या लिहिली, ड्युटी लिस्टची प्रत जोडली. हे सगळं एका वकिलांना दाखवलं. शेवटी तिने सही केली, तेव्हा तिचा हात थरथरत होता.

नातेवाइकांना कळायला वेळ लागला नाही. "मुलीला नर्सिंगला घालायला कुणी सांगितलं होतं? आता रिश्ता कसा जमायचा?" असं एक-दोघांनी ऐकवलं. बेगमने त्यांना सरळ विचारलं, "मागच्या वर्षी तुमच्या अम्मीला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा रात्रभर त्यांची साफसफाई कुणी केली?" नबी करीम (स.) यांच्या काळात मस्जिद-ए-नबवीजवळ तंबू ठोकून जखमींची सेवा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचं नाव आपण तकरीरीत घेतो. मग घरातल्या मुलीच्या याच कामाची लाज का वाटावी?

ज्यांच्या घरात नर्स आहे, त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगतो. नोटीस आली तर लपवू नका, मुदतीत उत्तर द्या. उत्तर देण्याआधी केसपेपर आणि ड्युटी लिस्टच्या प्रती मागा. को-या कागदावर किंवा दुसऱ्याने लिहिलेल्या जबाबावर न वाचता सही करू नका. नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करा. आणि सर्वांत आधी मुलीला निवांत बसवून तिचं पूर्ण ऐकून घ्या.

रुग्णालयाची चौकशी झाली. भाचीला लेखी ताकीद मिळाली आणि एक वेतनवाढ थांबली. रात्रपाळीला त्या वॉर्डात आता तिसरी सिस्टर असते. ती या उत्तरामुळे आली की तक्रारीमुळे, अल्लाह जाणे. कौन्सिलकडून अजून पत्र आलेलं नाही. आळंदी रोडने पोस्टमन येताना दिसला की आपाच्या काळजात धस्स होतं. आम्ही दुआ करतो.

भाची आता उशिरा लिहिलेल्या नोंदीपुढे लिहिल्याची वेळही टाकते. आमच्या टाचणवहीतही हल्ली एखाद्या वारापुढची जागा रिकामी दिसते. मुख्याध्यापक विचारतात तेव्हा सांगतो, त्या दिवशी टाचण काढलं नव्हतं.